सरकारी कारखाना गेल्यावर गावात मागे काय उरतं? नागपूरच्या नजरेतून

परवा पुतण्याला घेऊन बाजारात गेलो होतो, येताना गांधीसागर तलावाच्या बाजूने आलो आणि एम्प्रेस मॉल दिसल्यावर त्याला म्हटलं की इथे मिल होती बरं का, तीन पाळ्यांत माणसं कामाला यायची, भोंगा वाजला की आजूबाजूच्या वस्त्यांना घड्याळ बघावं लागत नसे. तर तो म्हणतो, काका, मिल सरकारची होती ना, मग सरकारने ती बंद काहून केली? आणि आता सरकार कारखाने काढतच नाही तर आपल्याकडे विकास करते कोण?

पोरगं बारावीला आहे, अर्थशास्त्र आहे त्याला. पुस्तकात उदारीकरण, खाजगीकरण, जागतिकीकरण हे तीन शब्द एका ओळीत आहेत आणि खाली फायदे-तोटे, पाठ केलं की मार्क मिळतात. पण त्याने विचारलेला प्रश्न त्या फायद्या-तोट्यांत कुठे बसत नाही आणि तो फार महत्त्वाचा प्रश्न आहे असं मला वाटतं, म्हणून घरी येऊन हे सगळं सविस्तर लिहून काढतोय, त्याच्यासाठी आणि ज्यांना ज्यांना हा प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. एम्प्रेस मिल सरकारने काढलेली नव्हती. ती जमशेटजी टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून टाटा इथे आले कारण कापूस इथला, कोळसा जवळ, आणि १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली होती. म्हणजे कच्चा माल, इंधन, वाहतूक तिन्ही एका जागी. शंभर वर्षं चालली, मग मशिनी म्हाताऱ्या झाल्या, पॉवरलूमचं कापड स्वस्त पडायला लागलं, पॉलिस्टर आलं आणि मिल आजारी पडली. १९८६ ला राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती ताब्यात घेतली, आणि २००२ ला कायमची बंद झाली. आपल्या मॉडेल मिलचंही तसंच, देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झालं त्यात ती केंद्राच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे गेली.

हे सांगायचं कारण असं की सरकारी उद्योग म्हटलं की आपण सगळे एकाच पोत्यात भरतो, पण सरकारकडे कारखाने तीन वेगवेगळ्या वाटांनी आले. एक म्हणजे सरकारने स्वतः शून्यातून उभे केलेले, जसा भिलाईचा पोलाद कारखाना, त्याची पहिली भट्टी १९५९ ला पेटली, किंवा आपली अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी. दुसरे, चालू धंदा कायदा करून ताब्यात घेतलेले, जशा कोळशाच्या खाणी, ज्या १९७३ मध्ये सरकारकडे आल्या आणि त्यातूनच १९७५ ला आपल्या सिव्हिल लाईन्समध्ये हेडऑफिस असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स झाली. आणि तिसरे हे आजारी, लोकांची रोजीरोटी जाऊ नये म्हणून सरकारने ओढून घेतलेले. या तिसऱ्या प्रकारात सरकारने पगार दिला पण नवीन मशिनींना पैसा घातला नाही, म्हणजे पेशंटला ॲडमिट करून घेतलं, सलाईन लावलं आणि ऑपरेशन केलंच नाही. त्यामुळे ते वाचले नाहीत. पहिल्या प्रकारातले बरेचसे अजून चालू आहेत.

आता दुसरा भाग, सरकारने कारखाने काढलेच का. स्वातंत्र्यानंतर खाजगी भांडवल मुंबई, कलकत्ता, मद्रास, अहमदाबाद इथेच साचलेलं होतं. सरकारचं म्हणणं असं की हे असंच सोडलं तर बाकी देश कोरडा राहील, म्हणून १९५६ च्या औद्योगिक धोरणात १७ उद्योग सरकारसाठी राखून ठेवले आणि मोठे कारखाने मागास भागात टाकायचे असं ठरवलं. उद्देश चांगला होता, मी तो मनापासून चांगलाच मानतो, भिलाई हे त्याआधी खेडं होतं आणि त्या एका कारखान्याने शाळा, दवाखाने, क्वार्टर, रस्ते सगळं उभं केलं.

पण त्याच सरकारने त्याच काळात एक धोरण आणलं ज्याने आपलं फार नुकसान केलं आणि आपल्याकडे त्याबद्दल फार कोणी बोलत नाही. त्याला भाडे समानीकरण म्हणतात. सोपं करून सांगतो. पोलाद बनतं भिलाईला, नागपूरपासून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, आणि मुंबई हजार किलोमीटरच्या वर. साहजिकच नागपूरला पोलाद स्वस्त पडायला पाहिजे, कारण रेल्वेचं भाडं कमी. पण सरकारने ठरवलं की पोलादाची किंमत देशभर सारखीच, लांबच्याचं जास्तीचं भाडं सगळ्यांच्या किमतीत वाटून टाकायचं. आता तुम्हीच सांगा, पोलादापासून काही वस्तू बनवणारा कारखानदार नागपूरला येईल का मुंबईला राहील? मुंबईला बंदर आहे, गिऱ्हाईक आहे, बँका आहेत, आणि पोलाद नागपूरच्याच भावात मिळतंय. खाणीच्या, भट्टीच्या जवळ असण्याचा जो एकुलता एक फायदा आपल्यासारख्या मधल्या भागांना होता तोच काढून घेतला. सिमेंटलाही काही वर्षं असंच होतं. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, बिहार आणि आपला पूर्व विदर्भ, सगळ्यांना हा फटका बसला आणि तो तीन-चार दशकं बसत राहिला, हे धोरण ९० च्या दशकाच्या सुरुवातीला जाऊन संपलं. एका हाताने मागास भागात कारखाना द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्याभोवती दुसरे कारखाने उभे राहण्याचं कारणच काढून घ्यायचं, असं ते झालं.

मग आलं १९९१. परकीय गंगाजळी संपत आलेली, सोनं गहाण ठेवायची वेळ, आणि २४ जुलैला एकाच दिवशी बजेट आणि नवीन औद्योगिक धोरण. राखीव उद्योग १७ वरून ८ वर आणले, बहुतेक उद्योगांचं लायसन्स रद्द केलं. याचा आपल्या विषयाशी संबंध असा की लायसन्स होतं तोपर्यंत सरकार कारखानदाराला सांगू शकत होतं की बाबा तुला परवानगी देतो पण अमुक जिल्ह्यात टाक. लायसन्स गेलं तसा हा दांडाही गेला. आता कारखाना कुठे टाकायचा हे मालक ठरवणार. आणि मालक कुठे जातो?

इतवारीत सराफा ओळ बघितली आहे ना तुम्ही, एकाला लागून एक सोन्याची दुकानं. एखाद्या सराफाला वाटत नाही का की इथे इतकी स्पर्धा आहे, आपण लांब जाऊन बसू जिथे एकही दुकान नाही? नाही वाटत. कारण गिऱ्हाईक ओळीत येतं, घडणावळ करणारा कारागीर मागच्या गल्लीत बसतो, पॉलिशवाला तिथेच, टंच काढणारा म्हणजे सोन्याचा कस तपासणारा तिथेच, उधारीवर माल देणारा तिथेच. एकट्याने लांब दुकान टाकलं तर हे सगळं त्याला स्वतः ओढून न्यावं लागेल. उद्योगाचंही अगदी हेच आहे. गाड्यांचे कारखाने पुण्याकडे आणि चाकणला गेले कारण पार्ट बनवणारे तिथे, इंजिनिअर तिथे, टूलरूम तिथे. मोकळं सोडलेलं भांडवल जिथे आधीच जाळं विणलेलं आहे तिथे जातं. त्यात कोणाचा कट नसतो, आपल्याकडे लगेच म्हणतात की पश्चिम महाराष्ट्राने पळवलं, काही वेळा राजकारण असतंच, नाही म्हणत नाही, पण राजकारण अजिबात नसतं तरी बहुतेक कारखाने तिकडेच गेले असते.

आता खरा मुद्दा. देशात सरकारी उद्योग सगळीकडेच आकसले, पण सगळी शहरं सारखी मागे पडली नाहीत. बंगलोर बघा. तिथे एचएएल, आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज), एचएमटी, बीईएल असे एकाहून एक सरकारी कारखाने होते, विमानं, टेलिफोन, मशीन टूल, रडार बनवणारे. एचएमटीची घड्याळं बंद पडली, टेलिफोनवाल्यांची दशा झाली, पण शहर कुठल्या कुठे गेलं. कारण या कारखान्यांनी चाळीस वर्षं हजारो इंजिनिअर, फिटर, टूलमेकर तयार केले होते, बारीक पार्ट बनवणारी छोटी वर्कशॉप तयार केली होती, आणि ती माणसं कारखान्याच्या गेटबाहेरही कामाची होती. कारखाना मेला तरी कसब जिवंत राहिलं.

जर्मनीतही हेच दिसतं. १९९० ला दोन जर्मनी एक झाल्या तेव्हा पूर्व जर्मनीतले साडेआठ हजारांच्या आसपास सरकारी उद्योग आणि त्यातले जवळपास ४० लाख कामगार एका संस्थेकडे सोपवले, ट्रॉयहांड तिचं नाव, आणि तिने १९९४ च्या शेवटापर्यंत चार-साडेचार वर्षांत बहुतेक विकून नाहीतर बंद करून टाकले. निम्म्याहून जास्त नोकऱ्या गेल्या, तरुण पोरं पश्चिमेला निघून गेली, कितीतरी गावं अजून त्यातून उठलेली नाहीत. पण ड्रेस्डेन उठलं. तिथे सरकारी काळात चिप बनवण्याचे कारखाने आणि संशोधन होतं, ते कारखाने टिकले नाहीत तसे, पण ते काम येणारी माणसं आणि तिथलं तंत्रविद्यापीठ होतं, त्यामुळे सीमेन्स तिथे गेली, एएमडी गेली, आणि २०२४ ला तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्याची पायाभरणी तिथेच झाली. सरकारनेही ढीगभर पैसा ओतला हे खरं आहे, पण पैसा बाकी गावांनाही मिळालाच होता की.

म्हणजे सरकारी कारखाना गेला की राहिला यापेक्षा तो जाताना मागे काय ठेवून गेला हे बघायला पाहिजे. आणि इथे नागपूरचं दुखणं कळतं. आपल्याकडे सरकारी उद्योग कमी नव्हते. कोळसा, मँगनीज, कोराडी-खापरखेड्याची वीज, ऑर्डनन्स. पण यातला मोठा भाग जमिनीतून काढायचा आणि वॅगनमध्ये भरून पाठवायचा असा आहे. मॉइल या सरकारी कंपनीचं मँगनीज रामटेक-सावनेर पट्ट्यातून, भंडाऱ्यातून, बालाघाटमधून निघतं आणि स्टीलवाल्यांकडे जातं. कोळसा वीज केंद्रात जातो, वीज तारेवरून जाते, आपल्याकडे राख राहते. खाणीने पगार चांगला दिला, हे मान्य केलंच पाहिजे, या पगारावर कितीतरी घरांतली पहिली पिढी शिकली. पण खाणीच्या भोवती दुसरा उद्योग आपोआप फुटत नाही, जसा मशीन टूलच्या कारखान्याभोवती फुटतो.

आणि जिथे कसब होतं तिथे आपण ते वाया घालवलं. आमचे मोठे बाबा एका गिरणीत विणकाम खात्यात होते, कुठली ते राहू द्या. ती बंद झाली तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या आत होतं. हिशोबाचे पैसे मिळायला खूप वर्षं लागली, तोपर्यंत त्यांनी एका दुकानात कापड मोजण्याची नोकरी धरली. मला आठवतं, मी लहान होतो, दिवाळीचं शर्टपीस आणलं की ते आधी दोन बोटांत चुरगळून बघायचे, मग उजेडाकडे धरायचे आणि सांगायचे की याचा ताणा म्हणजे उभा धागा बरा आहे पण बाणा, आडवा धागा, हलका घातलाय, दोन धुण्यांत भोंगळ होईल. आणि तसंच व्हायचं. वीस वर्षांचं हे बोटातलं ज्ञान होतं, आणि मिल बंद करताना कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला काय येतं, फक्त विचारलं की तुमची सर्व्हिस किती झाली. बुटीबोरीला त्यानंतर कापड आणि धाग्याचे कारखाने होतेच, इंडोरामा तिथेच आहे, पण मिलमधून सुटलेल्या माणसाला तिथल्या मशिनीवर बसवण्यासाठी सहा महिन्यांचं ट्रेनिंग देणारी कुठलीच व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोचली नाही. पोलादाच्या भाड्याइतकंच हेही धोरणाचं अपयश आहे असं मी मानतो.

बरं, सगळंच वाईट झालं का, तर नाही. दोन ठिकाणी फार चांगलं जाळं विणलं गेलंय.

एक म्हणजे हिंगणा एमआयडीसी. तिथे महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे आणि त्याच्या आसऱ्याने कितीतरी छोटी युनिट जगतात. माझ्या एका मित्राचं तिथे दोन सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी आणि तीन साध्या लेथचं वर्कशॉप आहे. मागच्या महिन्यात त्याच्याकडे बसलो होतो, एक पोरगं बुश काढत होतं, हाताच्या पंज्यात मावेल एवढा, मध्ये भोक असलेला नळीसारखा लोखंडी पार्ट. मशीनमधून काढला, कूलंट पुसला, भोकाचं माप बघायचा गेज घातला. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये, गेली तर भोक मोठं झालं, माल रिजेक्ट. पोराने एकही शब्द न बोलता तो ट्रेमध्ये ठेवला आणि दुसरा लावला. मी मित्राला विचारलं की आता हा कुठे जाणार, तर तो म्हणे आधी बाजूच्या रोडवर हीट ट्रीटमेंटला, मग प्लेटिंगवाल्याकडे, मग परत माझ्याकडे चेक करायला, मग पॅक होऊन टेम्पोने. बुरादा भंगारवाला नेतो. दुपारचा डबा वस्तीतल्या एक ताई पंचवीस लोकांचा आणतात. म्हणजे त्या एका बुशावर निदान सहा घरं थोडी थोडी जगत होती, आणि ती सगळी नागपुरात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला लिंकेज म्हणतात. कोळशाच्या वॅगनला असा प्रवासच नसतो, भरली की गेली.

त्या मित्राची मोठी तक्रार पैशाची आहे, माल दिल्यावर नव्वद-नव्वद दिवस पेमेंट येत नाही, ट्रॅक्टरच्याच साखळीत नाही, सगळीकडेच. यासाठी छोट्या उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, आणि आता आयकर कायद्यातही तरतूद आलीय की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल तेव्हाच दाखवता येतो. काही मोठ्या गिऱ्हाइकांनी यामुळे पैसे लवकर सोडले, काहींनी छोट्याकडून घेणंच कमी केलं, दोन्ही झालंय. पण मला वाटतं प्रादेशिक विकास म्हणजे असले कंटाळवाणे नियमच जास्त असतात, भूमिपूजनापेक्षा.

दुसरं जाळं स्फोटकांचं. कोळशाच्या उघड्या खाणीत दगड फोडायला स्फोटकं लागतात, म्हणजे इथेच मोठं कायमचं गिऱ्हाईक, तेही सरकारी. शिवाय भंडारा, अंबाझरी, भद्रावती इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमुळे या कामाची माणसं आणि शिस्त या भागात होती. त्यातून १९९५ ला सुरू झालेली नागपूरची सोलर ही खाजगी कंपनी खाणीच्या स्फोटकांपासून सुरुवात करून आज पिनाक रॉकेट आणि नागास्त्र ड्रोनपर्यंत गेली. सरकारी गिऱ्हाईक आणि खाजगी पुरवठादार अशी जोडी बसली की भाग कसा वर येतो त्याचं हे उदाहरण. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचंही १ ऑक्टोबर २०२१ पासून रूप बदललं, जुनं बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातली यंत्र इंडिया नावाच्या कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे.

पण इथेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावच्या खाजगी कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले, त्यात बायका जास्त होत्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या सरकारी कारखान्यात स्फोट होऊन निदान आठ जण गेले. एक खाजगी, एक सरकारी. लोक वाद घालतात की सरकारी सुरक्षित की खाजगी चांगलं, पण मालक कोणीही असला तरी तपासणी करणारं खातं भक्कम पाहिजे, त्याच्याकडे माणसं पाहिजेत, आणि ते काम सरकारलाच करावं लागतं, ते काही विकता येत नाही. मालकी सोडली म्हणून सरकारची जबाबदारी कमी होत नाही, मालक असताना निदान आतलं दिसत तरी होतं, आता बाहेरून बघावं लागतं म्हणून डोळे जास्त उघडे ठेवावे लागतात.

आता मिहान, नागपूर विमानतळाला लागून असलेला मोठा प्रकल्प. आपल्या सगळ्यांचं जिव्हाळ्याचं आणि दुखरं ठिकाण. २००२ ला त्यासाठी कंपनी स्थापन झाली, खापरी, दहेगाव, तेल्हारा अशा गावांची जमीन गेली, आणि कल्पना अशी होती की विमानतळाच्या बाजूला सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र टाकला, करात सूट दिली की कंपन्या रांग लावतील. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या, बोईंगचा विमान दुरुस्तीचा तळ २०१५ ला सुरू झाला, एक मोठा फूड पार्क २०१६ ला भूमिपूजन होऊन २०२५ ला सुरू झाला, म्हणजे नऊ वर्षं. मग बाकी का नाही भरलं? एक कारण असं की सेझचं आकर्षणच कराच्या सुटीचं होतं, आणि २०११ ला केंद्राने सेझमधल्या कंपन्यांनाही किमान कर लावला, आणि २०२० नंतर सुरू होणाऱ्या युनिटला ती आयकराची सूट राहिलीच नाही. ज्या दोरीने लोकांना ओढायचं होतं ती दोरीच मध्ये कापली. दुसरं कारण तेच सराफा ओळीचं. विमान दुरुस्तीला लागणारे छोटे छोटे पार्ट, प्रमाणपत्रवाले टेक्निशियन, टेस्टिंग लॅब हे आजूबाजूला नसेल तर नुसता हँगर एकटा पडतो. करसवलत देऊन एक दुकान आणता येतं, ओळ आणता येत नाही.

त्याउलट गंमत बघा, ज्याची नागपूरसाठी म्हणून फारशी जाहिरातच झाली नाही ते काम झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकताना केंद्रीय विक्रीकर लागायचा म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात एक छोटं गोडाऊन ठेवायच्या. जीएसटीनंतर त्याची गरज संपली, मग देशाच्या मध्यावर एक मोठं गोडाऊन ठेवलं की चारी दिशांना माल जातो. उत्तर-दक्षिण जाणारा आणि पूर्व-पश्चिम जाणारा असे दोन मोठे हायवे नागपुरात एकमेकांना कापतात, रेल्वेचंही तसंच. वाडी, गोंडखैरी भागात फिरून या, भल्यामोठ्या पत्र्याच्या शेड उभ्या आहेत, ट्रकच्या रांगा, आत हातात स्कॅनर घेतलेल्या मुली. ५ जून २०२५ ला मुंबईजवळपर्यंत पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धीने त्यात भर पडेल. पण मला यात एक धाकधूक वाटते, गोडाऊनमध्ये माल येतो आणि जातो, वॅगनसारखाच. आपण कोळशाच्या वॅगनऐवजी खोक्यांचे ट्रक मोजत बसू नये. त्या रस्त्याने संत्रं तसंच बाहेर जाण्यापेक्षा त्याचा रस, पल्प, तेल इथे निघून गेलं तर बुशासारखी सहा घरं त्यावरही जगतील. नोगाचा जॅम आणि स्क्वॉश आठवतो ना, नागपूरच्या संत्रा बागायतदारांनी काढलेला तो ब्रँड १९७२ पासून राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाकडे आहे. संत्र्यासाठी इतकं जुनं नाव आणि कारखाना हाताशी असताना तो वाढवला का नाही, याचा विचार आपण करायला पाहिजे होता.

मग सरकारने करायचं काय? आपल्याकडे हे अनुशेष या शब्दात बोललं जातं. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला न्याय्य वाटा द्यायचं ठरलं, १९८४ ला दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शाळा, वीज अशा एकेका गोष्टीत राज्याची सरासरी काढून कोण किती मागे आहे ते पैशात मोजलं, त्यात एकूण अनुशेषाच्या सुमारे ३९ टक्के विदर्भाचा निघाला. मग १९९४ ला विकास मंडळं आली, त्यांची मुदत एप्रिल २०२० ला संपली. ते मोजमाप फार मोलाचं काम होतं. पण त्यात रस्ता मोजला, कालवा मोजला, मोठ्या बाबांच्या बोटातलं ज्ञान मोजलं नाही, कारण १९८४ ला मिल बंद पडायची होती. आज मोजायला पाहिजे. कुठल्या तालुक्यात किती वेल्डर, किती फिटर, किती टूलमेकर, किती टेस्टिंगची सोय, किती मालक स्थानिक पुरवठादाराकडून घेतात.

आणि हे तातडीचं आहे कारण कोळसा कायमचा नाही. आपल्या आजूबाजूच्या खाणी एकेक करून संपतील, काही संपल्याही आहेत, म्हणजे मिलची वेळ पुन्हा येणार आहे, या वेळी आधी कळवून येणार आहे. पैसा नाही असंही नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आहे, जुन्या लीजवाल्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात घेतलेल्यांना १० टक्के इतकी जास्तीची रक्कम त्यात भरावी लागते, आणि तो पैसा खाणीने बाधित झालेल्या भागासाठीच असतो, त्यात कौशल्य प्रशिक्षण बसतं. पण सभामंडप आणि पेव्हिंग ब्लॉक लवकर दिसतात, फिटर तयार व्हायला दोन वर्षं लागतात.

माझ्या त्या हिंगण्याच्या मित्राकडे परवा एक नवीन माणूस दिसला, साठीचे असतील, उमरेडकडच्या खाणीतून रिटायर झालेले. तिथे शॉवेल आणि डंपरचं हायड्रॉलिक बघायचे. मित्राच्या प्रेसचा पंप सारखा दाब सोडत होता, कंपनीचा माणूस पुण्याहून यायला आठवडा लागणार होता, कोणीतरी यांचं नाव सांगितलं. त्यांनी पंपावर नुसता हात ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, सील गेलं नाही भाऊ, आत हवा खाऊन राहिला, सक्शनचा पाइप बदल. पाइप बदलला, चालू झाला. आता ते आठवड्यातून तीन दिवस येतात, दोन आयटीआयची पोरं हाताखाली घेतली आहेत, आणि मित्र म्हणत होता की दुरुस्तीचं काम बाहेरून घ्यायचं आम्ही बघून राहिलो, बुटीबोरीच्या दोन कंपन्यांशी बोलणं चालू आहे.